सुकेसीच्या घरची फाइल

१

वुर्यानीच्या ओसरीवर रोज सकाळी दोन गोष्टी यायच्या: मळक्या कपड्यांची बोचकी आणि शंका आलेले मोबाइल. कपडे किलोवर धुऊन देणं हा तिचा धंदा. मोबाइल तपासून देणं ही तिची हौस, आणि खरं सांगायचं तर धंद्यापेक्षा तिला हौसच प्यारी होती.

गेल्या वर्षी तालुक्याच्या कचेरीने प्रत्येक वस्तीतून एकेक बाई बोलावली आणि दिवसभर पंख्याखाली बसवून सांगितलं, की चोर आता भिंत फोडत नाहीत, फाइल पाठवतात. कधी ‘तुमच्या पार्सलचा फोटो’, कधी रहदारीचा दंड, आणि सगळ्यांत जास्त लग्नाची पत्रिका. उघडली की चोर मोबाइलात शिरला आणि बँकेतलं धुऊन नेलं. पत्रिकेचीच युक्ती का, हे तिथे कोणी विचारलं नाही. जावा बेटावरचा माणूस उधारी चुकवेल, नमाज चुकवेल, पण पत्रिका आली आणि लग्नाला गेला नाही, असं सहसा होत नाही. न जाणाऱ्याचं नाव त्याच्या मयतीपर्यंत निघत राहतं. चोरांना हे पक्कं ठाऊक होतं.

केदुंगवारू वस्तीतून गेली होती वुर्यानी. परत आली ती डॉक्टर होऊनच. “दाखवा,” म्हणून हात पुढे करायची, डोळे बारीक करायची, आणि फाइल पुसून टाकली की मोबाइल असा परत द्यायची जणू रोग्याचं गळू कापलंय. बायका मान डोलवायच्या. आपल्या मोबाइलात काय आलंय हे आपल्यापेक्षा हिला जास्त कळतं, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. एकदा असं मान्य केलं की पुढे कोणी तपासत नाही.

त्या दिवशी शेजारची जुमिलाह आली. काखेत चादरी, हातात मोबाइल.

“बू वुर्यानी, हे बघा हो काय आलंय. अनोळखी नंबर आहे. लग्नाची पत्रिका म्हणतोय मेला.”

“उघडली नाही ना?”

“छे! तुमच्या परवानगीशिवाय मी शिंकतसुद्धा नाही.”

वुर्यानीने फाइल पुसली. दुपारपर्यंत आणखी बायका आल्या, कोपऱ्यावरची आली, मशिदीमागची आली. सगळ्यांकडे तीच फाइल, तोच नंबर. मग वुर्यानीने स्वतःचा मोबाइल पाहिला. तिलाही आली होती. बाकीच्यांच्या फाइली तिने न वाचताच पुसल्या होत्या; आपल्या फाइलवरचं नाव मात्र वाचलं: ‘माननीय बू वुर्यानी आणि यजमान.’

चोर नाव घालत नाहीत. ते कचेरीत पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

२

बायका गेल्यावर ती धुण्याच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि फाइल उघडली.

गामेलान वाद्यमेळाचे मंद सूर लागले, फुलं पडली, आणि फुलांतून लारासचा चेहरा वर आला. सुकेसीची लेक लारास. शेजारी बिंतोरो, सेमारांगचा, चांगल्या नोकरीचा. लग्न येत्या रविवारी, ब्रोजोलला, वधूच्या अंगणात.

सुकेसी म्हणजे वुर्यानीची बाळमैत्रीण. याच गल्लीत दोघी एका पाटावर जेवल्या होत्या. लग्न होऊन सुकेसी नदीपलीकडे ब्रोजोलला गेली, नवरा गेला, आणि आता तर ब्रोजोलच चालला होता. नव्या महामार्गाने गाव गिळला होता. लोक भरपाई घेऊन पांगले, तीन-चार घरं उरली, सुकेसीचं त्यातलं एक. घर पाडायच्या आधी अंगणातून लेकीला वाटे लावायचं तिने ठरवलं असणार. आणि पाय मोडून पडली होती म्हणून दारोदार आमंत्रणाला न येता फाइल पाठवली. हे सगळं वुर्यानीला तिथे उभ्या-उभ्या कळलं. तिला न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

पण तिला आणखीही एक कळत होतं. हा बिंतोरो आधी तिच्या लेकीसाठी, मेनूरसाठी, स्थळ म्हणून आला होता. ओसरीवर बसून चहा प्यायला, तळलेली केळी खाल्ली, आणि मेनूरबरोबर आलेल्या मैत्रिणीकडे, लारासकडे, बघत बसला. मेनूरला त्याचं काही नव्हतं, ती हसत म्हणाली, “बरं झालं इबू, मला त्याचे कान आवडले नव्हते.” पण आईच्या काळजात ती केळी अजून सलत होती.

गामेलान वाजत होतं. वुर्यानीने फाइल पुसून टाकली.

इतकंच केलं असतं तर खपून गेलं असतं. पण संध्याकाळी तिने बायकांच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला: “बायांनो, सुकेसीच्या लेकीचं नाव घालून चोरांची फाइल फिरतेय. कोणी उघडू नका. पुसा आणि नंबर बंद करा.”

लगेच जुमिलाहचं उत्तर आलं. “पण बू, लग्न खरंच असेल तर? सुकेसी आपल्या गल्लीची हो.”

वुर्यानीचा अंगठा क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, “मी विचारलंय तिला. सणानंतर करणार आहे म्हणाली.”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

३

रविवारी सकाळपासून धुण्याची यंत्रं भरभरून फिरत होती. आत्ता अंगणात मांडव असेल, तिच्या मनात येई. आत्ता सुकेसी दाराकडे बघत असेल. ती यंत्राचा आवाज वाढवता येत नाही म्हणून चिडली आणि नवऱ्याच्या कबुतरांवर खेकसली.

“अग बुने, त्यांनी काय केलं तुझं?” नवरा म्हणाला. लेक झाल्यापासून तो तिला बुने, म्हणजे लेकीची आई, म्हणे आणि ती त्याला पाक्ने, लेकीचा बाप.

“तुमच्यासारखीच नुसती घुमतात. कामाची ना धामाची.”

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पाक्ने हसून पिंजरे पुसायला लागला.

लग्न होऊन गेल्याची बातमी मेनूरने आणली. ती सोलोला बातिकच्या दुकानात कामाला होती. घरी आली ती डोळे सुजवून.

“इबू, लारासचं लग्न झालं. तिनं फोटो टाकलेत. मला बोलावलंसुद्धा नाही.”

वुर्यानी इस्त्री करत होती. इस्त्री तिने एका जागी फार वेळ धरली आणि कुणाच्या तरी सदऱ्यावर तपकिरी डाग पडला.

“माणसं मोठी झाली की विसरतात,” ती म्हणाली. “विसरली असेल तुला.”

गल्लीतही तेच सुरू झालं. सुकेसीने बोलावलं नाही, गल्लीचं अन्नपाणी विसरली, सेमारांगचा जावई डोक्यात गेला. जुमिलाह म्हणाली, “बू, तुम्हाला तर तोंडावर खोटं सांगितलं तिनं!” आणि वुर्यानीने मान हलवली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि आता संन्यासीच चोर ठरत होता. तिने एक शब्द काढला असता तर थांबलं असतं. तिने कपड्यांच्या घड्या घातल्या.

त्याच दुपारी तिच्या मोबाइलवर एक फाइल आली. बंद केलेल्या नंबरावरून.

तिने ती उघडली. फोटो होता. निळ्या कापडाचा मांडव, पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा, समोर चौरंगावर लारास आणि बिंतोरो, बाजूला पाय लांब करून बसलेली सुकेसी. पायाला प्लास्टर. तिघंही हसत होती. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

४

फाइल तिने पुसली. दुसऱ्या दिवशी जुमिलाहने मोबाइल तपासायला दिला, त्यात तीच होती.

“हे काय आलंय बघा. उघडतच नाही.”

वुर्यानीच्या हातात ती उघडली. तोच मांडव, त्याच रांगा. फक्त मागच्या रांगेत एक माणूस बसला होता. कॅमेऱ्याकडे पाठ, डोक्याला जुन्या पद्धतीचं बातिकचं मुंडासं, आजकाल नाटकातसुद्धा कोणी बांधत नाही तसं.

“जुमिलाह, यात काय दिसतंय तुम्हाला?”

जुमिलाहने डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. “पांढरं. नुसतं पांढरं. मोबाइल म्हातारा झाला हो माझा, माझ्यासारखा.”

वुर्यानीने मनाला समजावलं. उशिरा आलेला एखादा पाहुणा असेल. पहिला फोटो आधी काढलेला, हा नंतरचा. यात घाबरण्यासारखं काय आहे? खाई त्याला खवखवे, दुसरं काय. अशा सरळ हिशोबाने तिला दुपारपर्यंत बरं वाटलं.

मग कोपऱ्यावरच्या बाईच्या मोबाइलात एक रांग भरली होती. मशिदीमागच्या बाईच्या मोबाइलात अर्धा मांडव. सगळे पाठमोरे. बायकांच्या खांद्यांवरून ओढण्या, पुरुषांची मुंडाशी, आणि बसण्याची एक रीत, की कोणाचाच खांदा दुसऱ्याकडे कललेला नाही. लग्नात माणसं अशी बसत नाहीत. लग्नात माणूस शेजाऱ्याच्या कानात वधूच्या आईचे दागिने खोटे आहेत का ते विचारत असतो.

पुढच्या फाइलमध्ये आवाज आला.

चित्र हललं नाही. पण ताटं फिरत होती. त्यांच्याकडच्या लग्नात पाहुणा जागचा उठत नाही; रांगेच्या टोकाला वाढपी ताट देतो आणि ते हातोहात पुढे सरकत जातं, आधी सूप, मग भात, मग बर्फाचं सरबत. चिनीमातीवर चमचा खणकन वाजतो, मग जरा पुढे, मग आणखी पुढे. एरवी हा आवाज माणसांच्या कलकलाटात बुडून जातो. इथे दुसरा आवाजच नव्हता. खण. मग खण. पहिल्यांदा लांब, चौरंगाजवळ. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मधल्या रांगांत. तिसऱ्यांदा ऐकताना वाटलं, आता शेवटचं ताट फोटो काढणाऱ्याच्या, म्हणजे आपल्याच हातात येणार. तिने मोबाइल ओल्या कपड्यांच्या टोपलीत टाकला आणि वर चादर दाबली.

संध्याकाळी जुमिलाह दारात उभी. हसू जरा अवघडलेलं.

“बू, राग मानू नका हं. पण आता तुमच्याच नंबरवरून फाइली येतायत सगळ्यांना. पांढऱ्या. डॉक्टरलाच ताप आला म्हणायचं!”

“माझ्या?”

“तुम्हीच शिकवलंय ना, ओळखीच्या नंबरावरनं आली तरी उघडायची नाही. आम्ही सगळ्या पुसतोय. काळजी करू नका.”

५

अखेर ती ब्रोजोलला गेली. टोपलीत अंडी, साखर, चहा. सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाली. मेनूरला येत्या रविवारी मागणी घालायला पाहुणे येणार होते, मुलगा चांगला होता, मेनूरलाही पसंत होता. त्याआधी हे गळू कापायचं होतं. पुलावरून उतरताना तिने वाक्यसुद्धा तयार केलं: ‘सुकेसी, माझ्या हातून एक चूक झाली.’ मग ‘हातून’ काढून टाकलं. मग पुन्हा घातलं.

ब्रोजोलमध्ये भिंती पडल्या होत्या आणि दारांच्या चौकटी तेवढ्या उभ्या होत्या. पिवळी यंत्रं उन्हात थांबलेली. गावात जुनं होतं तसं फक्त कबरस्तान राहिलं होतं, चाफ्याच्या झाडांखाली. त्याला हात लावायला ठेकेदाराची माणसं तयार नव्हती.

सुकेसीच्या अंगणात मांडव अजून होता. खुर्च्याही होत्या.

“ये ग वुरी!” सुकेसी पडवीतून ओरडली. “धुणंवाली मडम! वाट चुकलीस का काय?”

तिच्या आवाजात कसलाही काटा नव्हता. वुर्यानीला तेच सहन झालं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पाय कसा आहे?”

“आहे जागेवर. बस. चहा तूच कर, मला उठवत नाही. खुर्च्या बघतेस होय? मांडववाला न्यायला आला होता. म्हणाला, सगळ्या चिखलानं भरल्यात, धुऊन द्या. आता मी कुठं धुऊ? पाठवते तुझ्याकडे अभ्रे किलोवर.” आणि ती खळखळून हसली.

वुर्यानीने चहा केला. कप हातात घेऊन बसली. वाक्य तोंडाशी आलं.

“लग्नाला...” ती म्हणाली, “लग्नाला फार कोणी...”

“अग, भरलं होतं ना सगळं! तुला काय सांगू. सकाळपासून एक माणूस नाही. नवऱ्यामुलाकडचे मूठभर, त्यांचं मोठं कार्य पुढल्या आठवड्यात तिकडे. वाढपी ताटं भरून उभे. लारास चौरंगावर बसलेली, मेंदी काढलेली, आणि समोर नुसत्या खुर्च्या. मला वाटलं, यंत्र चालू करून हे घर आत्ताच माझ्यावर पाडा. आणि मग यायला लागले.”

“कोण?”

सुकेसीने कप फिरवला. “आपल्याकडे लग्नाआधी कबरींवर फुलं टाकून सांगून यायचं असतं ना. मी गेले होते, पाय ओढत. सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरच्या, गावच्या, तुमच्या घरचेही पुरलेत ना इथं. म्हटलं, लारासचं लग्न आहे, या. त्यांना फाइल लागत नाही.”

वुर्यानीने मनात म्हटलं, बाईचं डोकं फिरलंय. अपमानाने फिरलंय. ते फिरवलंय मी. तिला भीतीपेक्षा आधी लाज वाटली.

“मेनूर व्हायच्या आधी गेलेली तुझी सासूसुद्धा आली होती,” सुकेसी म्हणाली. “नाकात कापूस होता. मी म्हटलं, सूप गरम घ्या. दोनदा घेतलं. फारशी बोलत नव्हती कोणी. जेवले आणि गेले. लारासला म्हटलं, पाया पड. पोर शहाणी, न विचारता पडली.”

उन्हात एक यंत्र सुरू झालं आणि लगेच बंद पडलं.

“वुरी, एक विचारू? माझी फाइल पोचली होती का ग तुला? लारासच्या दिराने करून दिली. नावं मी सांगितली, एकेक. तुझं पहिलं.”

हीच ती घटका होती. हिच्यासाठीच ती पूल ओलांडून आली होती. सुकेसी तिच्याकडे बघत होती, लहानपणी खेळात चिंच लपवल्यावर बघायची तशी, दोन्ही मुठींकडे.

“नाही ग,” वुर्यानी म्हणाली. “पोचली असती तर आले नसते का?”

“तेच म्हटलं मी. तेच सांगितलं त्यांना.”

“कोणाला?”

“विचारत होते. तुमच्या नावाच्या खुर्च्यांवर बसले होते ना, म्हणून. ही माणसं का आली नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, पोचली नसेल फाइल.” सुकेसीने चहाचा शेवटचा घोट घेतला. “म्हणाले, आम्ही जाऊन विचारू.”

६

परतताना वुर्यानी रडली. पुलावर सायकल थांबवून, लोकांना दिसेल असं रडली. सुकेसीसाठी रडली, स्वतःसाठी रडली, आणि पुलावरच ठरवलं की तोंडाने होत नसेल तर मोबाइलने सांगायचं.

धुण्याच्या खोलीत बसून तिने ग्रुपसाठी आवाज भरला. सगळं सांगितलं. फाइल खरी होती, मी ओळखली होती, सुकेसीला मी काही विचारलं नव्हतं, तिला नावं ठेवू नका, मला ठेवा. बोलताना आवाज चिरकला, तसाच ठेवला. पाठवून दिला आणि भिंतीला डोकं टेकून वाट बघत बसली. आता दार वाजेल. आता जुमिलाह येईल. येऊ दे.

जुमिलाहचं उत्तर आलं: “बायांनो, बू वुर्यानींच्या नंबरावरून आता आवाजाची फाइल आलीय. कोणी ऐकू नका. पुसा.”

खाली एकापाठोपाठ एक अंगठे वर झाले. पुसली. पुसली. मीपण पुसली.

आणि खरी गोष्ट सांगायची तर वुर्यानीच्या छातीतून मोठा सुस्कारा निघाला. आपण सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही त्याला आपण काय करणार? चोराच्या मनात चांदणं लख्ख पडलेलं असलं तरी तो सावली शोधतोच. तिने उठून यंत्रातले कपडे काढले. दुसऱ्यांदा काही ती सांगायला गेली नाही. जुमिलाहचं घर भिंतीला भिंत लागून होतं.

एकच गोष्ट तिने पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. तिचा आवाज कोणी-कोणी ऐकला, ते मोबाइल दाखवत होता. गल्लीतल्या एकीनेही ऐकला नव्हता. पण ऐकणाऱ्यांत नावं होती. तिने वाचली नाहीत. मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला.

७

रविवारी घर झाडून लख्ख केलं. पुढच्या खोलीतलं सामान हलवून भाड्याच्या खुर्च्या मांडल्या, पाहुण्यांच्या मानाने जास्तच, कारण गल्लीलाही बोलावलं होतं आणि तेही घरोघर जाऊन. पाहुणे दुपारच्या नमाजानंतर येणार होते. पाक्ने नवा सदरा घालून कोपऱ्यावर त्यांची गाडी वळवून घ्यायला गेला होता. वुर्यानी स्वयंपाकघरात केळीच्या पानांतून चिकट भात सोडवत होती. बरं वाटत होतं. आठवड्यात पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

मेनूर आत आली. अंगात हिरवी केबाया, केसांत मोगरा. वुर्यानीला वाटलं, हिच्यासारखी पोर या गल्लीत नाही.

“इबू, पाहुणे आले.”

“इतक्यात? अजून बांगसुद्धा झाली नाही. गाडीचा आवाज नाही आला तो.”

“मला पण नाही आला. मी कुंड्यांना पाणी घालून वळले तर बसलेले. बरेच आहेत.” मेनूर जरा खालच्या आवाजात म्हणाली, “त्यांच्याकडची रीत वेगळी आहे का ग? सगळे आतल्या दाराकडे पाठ करून बसलेत. चहा दिला, कोणी घेतला नाही. पुढे एक आजी आहे, सर्दी झालीय बिचारीला, नाकात कापूस घातलाय. म्हणते, आईला पाठव, एक विचारायचंय.”

वुर्यानीच्या हातातला भात पानालाच चिकटून राहिला.

“मी त्यांच्याजवळ बसते तोवर. एकटं बसवणं बरं दिसत नाही,” मेनूर म्हणाली आणि तबक उचलून गेलीही.

“मेनूर, थांब,” वुर्यानी म्हणाली. पण ते ओठांतच म्हणाली.

मागचं दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं, जुमिलाहची बकरी कुंपणाचा पाला खात होती, लांब कोणाचा तरी रेडिओ चालला होता. चार पावलं टाकली की गल्ली. त्या दाराकडे वुर्यानीने पाहिलं, हे लपवून उपयोग नाही. पण पुढच्या खोलीत तिची पोर होती, आणि तिथून काहीच आवाज येत नव्हता. खुर्ची करकरत नव्हती. मेनूर कुठेही पाच मिनिटं बसली की बोलते. परक्याशी बोलते, मांजराशी बोलते.

ती पडद्यापर्यंत गेली आणि फटीतून पाहिलं.

खुर्च्या भरल्या होत्या. पाठी दिसत होत्या, नुसत्या पाठी. ओढण्या, मुंडाशी, कल न घेतलेले खांदे. आणि प्रत्येक पाठीला, मानेपासून कमरेपर्यंत, ओली तांबडी माती लागली होती, फार दिवस एकाच कुशीवर, पाठीला मातीचा टेकू देऊन पडून राहिलेल्याला लागावी तशी. पांढऱ्या अभ्र्यांवर ती उतरत होती. मेनूर कुठली ते तिला ओळखू येईना. हिरवी पाठ शोधत तिची नजर रांगेवरून फिरली, आणि रांगेत कुठलाच रंग उरलेला नव्हता.

“पोचली होती का?”

पुढच्या रांगेतून आलं. चोंदलेल्या नाकातला, म्हातारा, अगदी साधा आवाज. रागाचा नाही. पत्रं टाकणारा विचारतो तसा.

‘नाही’ तिच्या जिभेवर तयार होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं, आपलं आपण घरंगळलं असतं. तिने दोन्ही हातांनी पडदा धरला.

“पोचली होती,” ती म्हणाली.

कोणी हललं नाही.

“पोचली होती. मी उघडली. माझं नाव वाचलं. लारासचा फोटो पाहिला, तारीख पाहिली आणि पुसून टाकली. जुमिलाहची मीच पुसली. सगळ्यांच्या मीच पुसल्या. सुकेसीला विचारलं म्हणाले ते खोटं होतं. तिने मला विचारलं तेव्हाही खोटं बोलले. तो मुलगा माझ्या मेनूरला सोडून तिकडे गेला, म्हणून केलं. मला माहीत होतं तिच्याकडे दुसरं कोणी येणारं नाही. ते माहीत होतं म्हणूनच केलं.”

खुर्च्या एकदम करकरल्या. माना वळायला लागल्या, असं तिला वाटलं, आणि तिने डोळे गच्च मिटले. अंगावरून गारवा गेला, फार वेळ जात राहिला, जशी एका दारातून खूप माणसं जातात. मग रेडिओ ऐकू यायला लागला.

तिने डोळे उघडले. खुर्च्या रिकाम्या होत्या. अभ्रे पांढरे होते. पुढच्या रांगेत तेवढी एक हिरवी पाठ होती, मांडीवर तबक, त्यावर न उचललेले चहाचे पेले.

“मेनूर,” ती म्हणाली आणि धावत जाऊन तिचा खांदा धरला. खांदा गरम होता. वुर्यानीला हुंदकाच फुटला. “माझी बाय. गेले ते. तुला काही नाही ना झालं?”

मेनूरने मान वळवली. तिला काही झालं नव्हतं. मोगरासुद्धा जागचा हलला नव्हता. ती आईकडे बघत होती, आणि वुर्यानीला कळलं की इतके दिवस तिला ज्या चेहऱ्याची भीती वाटत होती तो कबरस्तानातला नव्हता.

“तू म्हणालीस, ती मला विसरली,” मेनूर म्हणाली.

“मेनूर, ऐक...”

“मी तिला लिहिलं, इबू. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. काय काय लिहिलं मी तिला. तिनं परत लिहिलं, की तुमच्या घरी फाइल पाठवली होती. मी म्हटलं, खोटारडे. माझी आई खोटं बोलणार नाही.” तिने खांद्यावरचा आईचा हात उचलला आणि हळूच, मोडण्यासारखी वस्तू ठेवावी तसा, शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

बाहेर गाडी येऊन थांबली. पाक्नेचा मोठ्याने बोलल्याचा, हसल्याचा आवाज आला, गल्लीतल्या बायकांचा आला. कोणीतरी सलाम करून दारावर टकटक केली. मायलेकी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत बसून होत्या, आणि दार उघडायला दोघींपैकी कोणीच उठलं नाही.